समुद्र तापला की सीलच्या पिल्लांचं दूध का आटतं?

साकोली तालुक्यातल्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न माझ्याकडे आला. आठवीच्या वर्गात त्या शिकारीतून वाचलेल्या प्राण्यांबद्दल सांगत होत्या. बोलता बोलता सीलची गोष्ट निघाली. तेलासाठी आणि कातडीसाठी मारून जवळजवळ संपवलेले सील पुढे हजारांनी, लाखांनी वाढले, हे ऐकून मुलं खूश झाली. मग एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, सीलच्या अंगावर चरबीचा एवढा जाड थर असतो, रक्तही आपल्यासारखं गरम. मग समुद्राचं पाणी दोन अंशांनी तापलं तर त्यांची पिल्लं का मरतात?’ ताईंनी तोच प्रश्न मला पाठवला, आणि सोबत स्वतःचाही एक जोडला: एकदा वाढलेली संख्या अशा वर्षांनी पुन्हा कोसळू शकते का?

मी मूळची अर्जुनी मोरगावकडची. शिक्षणाच्या निमित्ताने मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर चार हंगाम सीलची पिल्लं मोजली, तोलली, त्यांना बिल्ले लावले. त्यानंतरची वीसेक वर्षं इथेच, मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावांतले मासे आणि पाणपक्षी यांच्यामागे गेली. त्यामुळे उत्तर देताना दोन्हीकडचे दाखले येतील, ते चालवून घ्या.

ताई, त्या मुलाची शंका बरोबर आहे. पाणी दोन अंशांनी तापलं म्हणून सीलच्या अंगाला काही होत नाही. फरक पडतो तो आईच्या चाऱ्यात. चाऱ्यामुळे दुधात, आणि दुधामुळे पिल्लात. म्हणून सीलचं प्रजनन समजून घ्यायचं असेल तर आधी आईला चरायला किती लांब जावं लागतं ते पाहायचं. माझ्या मते सगळा विषय त्या अंतरात आहे.

अंतर वाढतं कसं? उन्हाळ्यात आपल्याकडे तलावातला गाळ काढून बांध्यांमध्ये टाकतात. कस त्या गाळात असतो, पण तो तळाशी पडून राहिला तर धानाला त्याचा उपयोग नाही, कुणीतरी उचलून वर आणावा लागतो. समुद्राचंही असंच आहे. खत खोल, थंड पाण्यात असतं आणि ऊन वरच्या थरात. कॅलिफोर्निया किंवा पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी बाजूला लोटतो आणि खालचं थंड, कसदार पाणी वर येतं. मग सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर झिंग्यांसारखे बारीक जीव, त्यांच्यावर मासे आणि माशांवर सील. वरचा थर तापून जाड झाला की वारा वाहत असला तरी तो नुसतं गरम, निकस पाणीच ढवळत राहतो. खालचा कस खालीच राहतो. मासे खोल जातात, थंड पाण्याच्या शोधात दूर सरकतात किंवा त्या वर्षी वाढतच नाहीत. काही वर्षांनी एकदा प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापतं, त्याला एल निन्यो म्हणतात. एल निन्योच्या वर्षी पूर्व प्रशांत महासागरात हेच होतं. 2014 ते 2016 या काळात ईशान्य प्रशांतात तापलेल्या पाण्याचा एक अवाढव्य पट्टा पसरला होता. शास्त्रज्ञ त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. तेव्हाही हेच झालं.

आता मुलांना नीट समजावी अशी गोष्ट. सगळ्या सील आया सारख्या नसतात. माझ्या डोक्यात मी त्यांचे दोन गट करते: ढोलीवाल्या आणि रोजीवाल्या.

हत्ती सील ढोलीवाली. आपल्या घरात वर्षभराचं धान ढोलीत भरून ठेवतात, तशी ती कित्येक महिने समुद्रात खाऊन चरबी साठवते आणि मग किनाऱ्यावर येऊन वीते. त्यानंतर जवळजवळ चार आठवडे ती पिल्लाजवळच असते. या काळात ती काही खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही, फक्त पाजते. दूध सुरुवातीला त्या मानाने पातळ असतं आणि शेवटी शेवटी त्यात निम्म्याहून जास्त चरबी असते. जन्मताना तीस-पस्तीस किलोचं पिल्लू महिनाभरात सव्वाशे किलोच्या आसपास जातं. आम्ही अशी पिल्लं जाड कापडाच्या झोळीत गुंडाळून, तिकाटीला काटा लावून तोलायचो. झोळीत घालेपर्यंत पिल्लू खूप ओरडायचं आणि एकदा टांगलं की गप्प व्हायचं. काट्यावर तो आकडा दिसला की आई आठ महिने कुठे होती आणि तिथे तिला काय मिळालं, याचा अंदाज यायचा. पिल्लाचं वजन म्हणजे आईच्या मागच्या आठ महिन्यांचा हिशोब.

फर सील रोजीवाली. शास्त्राच्या भाषेत ती खऱ्या सीलची चुलत बहीण, कारण तिला बाहेर दिसणारे कान असतात. पण मुलांसमोर तिलाही सीलच म्हणा, बिघडत नाही. तिची चरबी थोडी. पिल्लू झाल्यावर ती आठवडाभर जवळ थांबते, मग समुद्रात जाते, चार-पाच दिवस खाते, परत येऊन दोनेक दिवस पाजते आणि पुन्हा जाते. असं चार महिने चालतं. आज मिळवायचं आणि आज घालायचं. पिल्लू किनाऱ्यावर उपाशी वाट बघत असतं.

चैत्र-वैशाखात आपल्या गावातल्या गायी आठवा. गावाजवळचं गवत संपतं, ढोरकी जनावरं लांब जंगलाकडे नेतो, गाय दिवेलागणीला थकून येते आणि खुंट्याला बांधलेलं वासरू दिवसभर हंबरून दमलेलं असतं. गाय तीच, वासरू तेच. चारा लांब गेला एवढाच बदल, पण कासेत दूध निम्मं. तापलेल्या समुद्रात फर सीलचं नेमकं हेच होतं. चार दिवसांची फेरी सात-आठ दिवसांची होते. पिल्लाचं पोट मात्र तेवढे दिवस थांबत नाही.

म्हणून एकाच तापलेल्या वर्षी या दोन गटांचे निकाल वेगळे येतात. हत्ती सील चारशे-सहाशे मीटर खोल, कधी त्याहूनही खूप खाली जाऊन खाते. वरच्या थरातल्या गडबडीची झळ तिला कमी लागते. लागत नाही असं नाही. 1998 च्या वसंतात माद्यांना समुद्रात जास्त दिवस घालवावे लागले आणि वजन मात्र नेहमीपेक्षा हळू वाढलं. फर सीलचं नुकसान याच्या कितीतरी पट असतं. 1982-83 च्या एल निन्योत गॅलापॅगोस बेटांवरच्या फर सीलची त्या वर्षीची सगळी पिल्लं मेली. त्याआधीच्या तीन वर्षांचीही जवळपास कुणी उरली नाहीत. म्हणजे चार वर्षांची पिढी एका झटक्यात गेली. कॅलिफोर्नियाच्या सॅन मिगेल बेटावर उत्तरी फर सील नव्याने वस्ती करून वाढत होते. तिथे 1998 मध्ये जन्मलेली पिल्लं आदल्या वर्षापेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी भरली.

गॅलापॅगोसची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती मी वाचली तेव्हा रात्रभर डोक्यातून गेली नव्हती. तिथे अन्नाचा भरवसा नसतो, म्हणून आई पिल्लाला दोन-दोन, तीन-तीन वर्षं पाजते. कधी मोठं पिल्लू अजून दूध पीत असतानाच धाकटं जन्माला येतं. चांगल्या वर्षी आई दोघांना सांभाळते. समुद्र तापलेला असला की मोठं हटत नाही आणि धाकट्याला सड मिळत नाही. आई कधी मोठ्याला हुसकावते, पण ते पुन्हा येतं. बहुतेक वेळा धाकटं काही दिवसांतच मरतं. वर्गात हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितलं असतं. ज्यांच्या घरी ढोरं आहेत त्या मुलांना यातलं दुःख चटकन कळतं.

आता एक बारकावा. तो न समजल्यामुळे शिकलेली माणसंही चुकतात. सीलमध्ये गर्भ लगेच रुजत नाही. पिल्लू अंगावर पीत असतानाच, किंवा वीण झाल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात, मादी पुन्हा फळते. पण गर्भाचा तो बारीक गोळा दोन-चार महिने गर्भाशयात नुसता थांबून राहतो, वाढत नाही. नंतर तो गर्भाशयाला चिकटतो आणि खरी वाढ सुरू होते. आपण पऱ्हे टाकतो, पण रोवणी पाऊस पाहूनच करतो, तसंच काहीसं. त्या थांबलेल्या काळात मादी समुद्रात खात असते. तिच्या अंगावर पुरेसं मांस-चरबी चढली नाही तर गर्भ रुजत नाही किंवा पुढे पडतो. म्हणजे समुद्र तापला की त्याचा पहिला फटका या वर्षीच्या दुधाला आणि दुसरा पुढच्या वर्षीच्या वीणेला. पाणी पुन्हा थंड झालं, मासे परत आले, सगळं ठीक झालं असं वाटतं, आणि तरी त्या हंगामात किनारा ओकाबोका असतो. कारण तो निकाल आदल्या वर्षीच लागून गेलेला असतो.

तिसरा फटका किनाऱ्यावरचा. एल निन्योत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी चढते आणि वादळंही तिकडे जास्त वळतात. हत्ती सीलची वीण डिसेंबर ते मार्च, म्हणजे ऐन वादळांच्या दिवसांत. फेब्रुवारी 1998 मधली एक रात्र मला अजून दिसते. आम्ही माद्यांच्या कुशीवर केस रंगवायच्या रंगाने आकडे घालायचो, आपण पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतो तसे, दुरून ओळखू यावेत म्हणून. भरती नेहमीच्या रेषेच्या खूप वर आली आणि लाट माद्यांच्या मधून फिरली. सकाळी 27 आकड्याची मादी मान उंच करून ओरडत होती. तिची हाक मी ओळखत होते. पिल्लाची हाकही ओळखत होते, पण ती कुठूनच येत नव्हती. लाटेने सुटलेलं पिल्लू दुसऱ्या मादीजवळ गेलं तर ती त्याला चावते, म्हणून बरीच पिल्लं पाण्याने कमी आणि चाव्यांनी जास्त मरतात. तीन दिवस ती तशीच फिरत राहिली. चौथ्या दिवशी ती दुसऱ्याच एका पोरक्या पिल्लाला पाजत होती. तिचं पिल्लू आम्हाला पुन्हा दिसलं नाही.

बर्फावर विणाऱ्या सीलचं गणित वेगळं. हार्प सील आणि हूडेड सील यांना पिल्लासाठी टिकाऊ समुद्री बर्फ लागतो. समुद्र आणि हवा तापली की बर्फ पातळ होतो किंवा पिल्लाला पोहता येण्याआधीच फुटतो. तिथे तापमान थेट पिल्लाखालची जमीनच काढून घेतं. त्यावर वेगळं लिहायला हवं. आज नाही.

आता तुमचा स्वतःचा प्रश्न, सावरलेली संख्या पुन्हा कोसळते का. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण ‘संख्या वाढली म्हणजे धोका टळला’ ही समजूत मी इकडेही ऐकते आणि तिकडेही ऐकली आहे.

सील सावरले हे खरं आहे आणि ते आनंदाचं आहे. उत्तरी हत्ती सील 1890 च्या दशकात मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर मोजकेच उरले होते, फार तर शंभरच्या आसपास. 1922 मध्ये मेक्सिको सरकारने त्यांना संरक्षण दिलं आणि आज ते लाखाच्या वर आहेत. कॅलिफोर्नियातल्या पिएद्रास ब्लांकास इथे 1990 मध्ये थोडे सील पहिल्यांदा आले, 1992 मध्ये तिथे पहिलं पिल्लू झालं आणि आता तो किनारा हजारो सीलनी भरतो. ग्वादालूप फर सील तर नामशेष झाले असंच मानलं जात होतं. 1954 मध्ये त्या बेटावर चौदा जण सापडले. तेही आज हजारोंत आहेत. पण ब्लॉबच्या काळात, 2015 पासून, याच ग्वादालूप फर सीलची हाडं-कातडी झालेली लहान पिल्लं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागू लागली आणि ते काही वर्षं चालू राहिलं. म्हणजे प्रजाती वाढत होती आणि त्याच वेळी तिची पिल्लं भुकेने मरत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सगळ्यात शिकवणारं उदाहरण दक्षिण महासागरातल्या साउथ जॉर्जिया बेटाचं. तिथले अंटार्क्टिक फर सील 1907 पर्यंत इतके मारले गेले की धंद्याला परवडेनात. मग शिकार थांबली, आणि क्रिल हा झिंग्यासारखा जीव मुबलक होता, म्हणून ते वाढले. 2007 ते 2009 च्या सुमारास तिथे अंदाजे 35 लाख फर सील होते. या जातीचे जगातले जवळजवळ सगळेच. पण जवळच्या बर्ड आयलंडवर, जिथे ब्रिटिश शास्त्रज्ञ दशकानुदशकं एकेक मादी ओळखून नोंद ठेवतात, तिथली संख्या 2009 नंतर दर वर्षी सुमारे सात टक्क्यांनी घटत गेली आणि 1970 च्या दशकातल्या पातळीवर आली. शिकार नाही, कुणी बंदूक उचललेली नाही. समुद्राचं तापमान वर गेलेल्या वर्षांमागोमाग क्रिल कमी होतं, पिल्लं कमी जन्मतात, जन्मतात ती हलकी असतात आणि माद्या पहिल्यांदा वीतात त्याच उशिरा.

वाढलेल्या संख्येचा एक तोटाही असतो. कळप लहान असताना जवळचा चारा पुरतो, चांगली जागा मिळते, आणि एक तापलेलं वर्ष निभावून जातं. कळप मोठा झाला की जवळचा चारा आधीच वाटला गेलेला असतो. पिल्लांना भरतीरेषेजवळची अरुंद वाळू मिळते. मग तेवढंच तापलेलं वर्ष जास्त लागतं. गावात दहा शेळ्या होत्या तेव्हा बांधावरचा पाला पुरत होता. शंभर झाल्यावर दुष्काळात काय होतं ते तुमच्या मुलांना ठाऊक आहे. शिवाय हत्ती सीलसारखे प्राणी मूठभर पूर्वजांतून वाढलेले असल्यामुळे त्यांच्यात आनुवंशिक विविधता फार थोडी आहे. बर्ड आयलंडवर तर असं दिसलं की कठीण वर्षांत ज्या माद्यांमध्ये अशी विविधता जास्त, त्याच तगून आया होतात.

म्हणून मोजणीचा आकडा वाचताना घाई करू नका. एका वर्षी पिल्लं कमी दिसली म्हणून प्रजाती बुडाली असं नाही. सील पंधरा-वीस वर्षं जगतात, एक वर्ष वाया गेलं तर आई पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करते. उलट मोठ्या सीलनी किनारा भरलेला दिसला म्हणून सगळं ठीक आहे, असंही नाही. दुष्काळात गावातल्या कालवडी मेल्या तर त्या वर्षी दुभत्या गायींचा आकडा तसाच राहतो. चार वर्षांनी दूध काढायला बसल्यावर कळतं की मधली फळीच नाही. हत्ती सीलची मादी तीन ते पाच वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा वीते. 1998 ला गेलेली पिल्लं 2002 च्या मोजणीत ‘नसलेल्या आया’ म्हणून दिसतात. त्यामुळे मी नुसती डोकी मोजून कधीच थांबत नाही. दूध सुटताना पिल्लाचं वजन किती, वीण लवकर झाली की उशिरा, पहिलटकरणी कोणत्या वयाच्या, आणि मागच्या वर्षी बिल्ला लावलेल्या किती माद्या यंदा बिनपिल्लाच्या आल्या, हे चार आकडे हातात असले की कळपाचं पुढचं भविष्य बरंचसं दिसतं. एवढी मेहनत खर्चाची आणि कंटाळवाणी असते हे मान्य, पण तिच्यावाचून बोलणं म्हणजे अंदाजपंचे.

मुलं हमखास विचारतील, ‘मॅडम, तिकडे सील मरतात त्याच वर्षी आपल्याकडे दुष्काळ पडतो का?’ दोन्हीमागे कधी कधी एकच कारण असतं. 2015 च्या एल निन्योत भारताचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा 14 टक्क्यांनी कमी होता, आणि त्याच वर्षी ग्वादालूप फर सीलची पिल्लं किनाऱ्याला लागत होती. पण 1997 मध्ये तितकाच जबरदस्त एल निन्यो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला, आणि सॅन मिगेलची पिल्लं मात्र गेली. तेव्हा मुलांना ‘एल निन्यो म्हणजे दुष्काळ’ असं पाठ करायला लावू नका. प्रशांत महासागर आपल्या पावसावर हात ठेवतो, पण तो एकटाच नसतो.

आणि एक करून बघा. तुमच्या वर्गात निदान सात-आठ जणांच्या घरी शेळ्या असतील. प्रत्येकाने घरच्या एका करडाचं वजन दर रविवारी स्प्रिंगच्या काट्यावर झोळीत टांगून घ्यायचं, आणि त्या आठवड्यात शेळ्या चरायला साधारण किती लांब गेल्या ते शेजारी लिहायचं. एकदा चैत्रापासून रोहिणीपर्यंत आणि पुन्हा श्रावणापासून दसऱ्यापर्यंत. करडाचं वय सारखं धरा, नाहीतर तुलना फसेल. वही भरली की मला कळवा. मी साकोलीला येऊन मुलांसोबत बसेन आणि त्या वहीशेजारी सीलच्या पिल्लांचे आकडे ठेवून दाखवीन.